रंग उडाला, द्रव्य कोठे गेले?

सुरतेच्या दक्षिण अंगास असलेले बमरोली हे एके काळचे खेडे आता महानगराच्या पोटात शिरले आहे. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांचा रंग, रसायन, ग्रे कापड वा साडी यांच्याशी संबंध येतो, त्यांची महिन्यातून दोन-चार वेळा तरी तेथे फेरी होतेच. ह्या बमरोलीत २०१४ साली महानगरपालिकेने एक केंद्र सुरू केले. शहराचे मैलापाणी नेहमीच्या रीतीने शुद्ध झाल्यावर ते अतिसूक्ष्म गाळण्यांतून व बाजारात ज्यास आर. ओ. म्हणतात त्या पडद्यांतून पुन्हा काढावयाचे आणि असे दररोज ४ कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांस विकत द्यावयाचे, अशी ही योजना. ज्या पाण्यास कोणी हात लावला नसता ते आज मोल देऊन घेतले जाते. देशभर ह्या केंद्राचे कौतुक झाले आणि ते यथार्थ आहे, असे आम्हांस वाटते.

परंतु कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते. शहराकडून कारखान्याकडे जाणारे पाणी आपण मोजतो, त्याचा दर ठरवितो, त्याचे बिल फाडतो. कारखान्यातून निघणाऱ्या पाण्याबरोबर जे जाते त्याचा हिशेब मात्र आपल्या वह्यांत कोठेच नसतो. पांडेसऱ्याचे सामायिक शुद्धीकरण केंद्र आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, त्यांचे नमुने आहेत, त्यांच्या नोटिसा आहेत. हे सर्व खरे. पण त्या पाण्यात मिसळलेला प्रत्येक किलो माल कोणीतरी विकलेला असतो. तो विकणारा पुष्कळदा आपल्यापैकीच असतो. विकलेल्या मालाचे पुढे काय होते, तो खाडीत गेल्यावर मोडतो की तसाच राहतो, मोडला तर त्याचे काय बनते, हा प्रश्न व्यापाऱ्याचा आहे की केवळ शास्त्रज्ञाचा, याविषयी आमचे मत आम्ही येथे मांडू इच्छितो. तो व्यापाऱ्याचा आहे, असे आम्ही मानतो.

आपल्या मुलांना पाठशाळेत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तीन शब्द शिकविले जातात. सत् असे जे आहे त्यात एक पर्याय नाहीसा होतो, दुसरा उत्पन्न होतो आणि द्रव्य मात्र टिकून राहते. सोन्याचे कडे मोडून हार केला तर कडे गेले, हार आला, सोने तेवढेच राहिले. हा दृष्टांत ऐकून मान डोलावणारा श्रावक दुकानात येऊन बसला की मात्र म्हणतो, ‘पाण्याचा रंग गेला, पाणी स्वच्छ झाले.’ रंग गेला म्हणजे एक पर्याय गेला. द्रव्य कोठे गेले? रसायनशास्त्र ह्याहून निराळा प्रश्न विचारीत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर माल विकण्यापूर्वीच देता येते का? काही अंशी येते. ते कसे देतात हे समजून घेण्यासाठी आपल्या सर्वांच्या घरातील कपडे धुण्याच्या पावडरीची कथा पुरेशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाच्या जागी खनिज तेलापासून केलेली धुलाईद्रव्ये आली. त्यातील मुख्य द्रव्याच्या अणुसाखळीला जागोजाग फाटे होते. माल स्वस्त, फेस उत्तम. पण पाहता पाहता युरोप-अमेरिकेच्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहू लागले, कारण पाण्यातील जंतूंना ती फाट्यांची साखळी कुरतडता येईना. जर्मनीने १९६१ साली कायदा करून न मोडणाऱ्या धुलाईद्रव्यांस मज्जाव केला, १९६४ पासून तो अमलात आला, आणि १९६५ साली अमेरिकेतील कारखानदारांनी आपण होऊनच माल बदलला. बदल तो केवढा? तीच मूलद्रव्ये, जवळजवळ तेच सूत्र; फक्त फाटे काढून साखळी सरळ केली. सरळ साखळी जंतू टोकापासून खात येतो. फाटा आला की तो अडतो. येथून शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की द्रव्याची घडण पाहून त्याचे भवितव्य बरेचसे सांगता येईल.

आपण नव्या गिऱ्हाइकाची पत कशी ठरवितो? त्याचे घराणे कोणते, पेढी किती जुनी, देणे-घेणे कोणाशी, पूर्वी कोठे दिवाळे वाजले होते का, हे पाहतो. प्रत्येक गोष्टीचे मनातल्या मनात अधिक-उणे करतो आणि नव्वद दिवसांची उधारी द्यावयाची की रोखीने व्यवहार करावयाचा ते ठरवितो. रसायनाची पतही याच रीतीने पाहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने प्रचारात आणलेली एक गणनपद्धती द्रव्याचे तुकडे पाडते. एस्टर असेल, सरळ अल्कोहोल असेल तर अधिक गुण. क्लोरीन, नायट्रो गट, चारी बाजूंनी जखडलेला कार्बन असेल, रेणू फार जड असेल तर उणे गुण. बेरजेवरून द्रव्य लवकर मोडेल की रेंगाळेल ते सांगितले जाते. मिनेसोटा विद्यापीठात १९९५ साली लिंडा एलिस आणि लॉरेन्स वॅकेट यांनी ह्याहून पुढचे काम आरंभिले. कोणता जंतू कोणत्या द्रव्याचा कोणता बंध तोडतो याची त्यांनी जणू खतावणीच घातली आणि त्या नोंदींवरून नव्या द्रव्याची मोडण्याची वाट पायरी-पायरीने सांगण्याची सोय केली. ती खतावणी पुढे स्वित्झर्लंडमधील जलसंशोधन संस्थेकडे गेली व आजही कोणालाही विनामूल्य पाहता येते.

भाकितावर भागत नाही, कसोटीही आहे. ठराविक पाण्यात थोडे द्रव्य व थोडे जंतू घालून २८ दिवस ठेवतात. जंतूंनी ते खाल्ले तर प्राणवायू खर्च होतो. तो अपेक्षेच्या ६० टक्क्यांपर्यंत गेला, आणि खाण्यास सुरुवात झाल्यापासून दहा दिवसांच्या आत गेला, तर ते द्रव्य ‘सहज मोडणारे’ ठरते. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात जैव-विघटनशील असा जो शब्द आपण वाचतो त्याच्या पाठीमागे ही कसोटी असली पाहिजे. पुष्कळदा तिच्याऐवजी नुसता शब्दच असतो.

येथवर वाचून एखाद्या सभासदास वाटेल की प्रश्न सुटला. यंत्राला विचारावे, प्रमाणपत्र घ्यावे, माल विकावा. आमचा आक्षेप येथेच आहे. कसोटीतील पाणी सुमारे २२ अंशांचे, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले असते आणि त्यात ते एकच द्रव्य असते. बमरोलीच्या आसपासची खाडी अशी नाही. तेथे पाणी ऊन आहे, क्षार आहेत, तळाशी काळा गाळ आहे आणि त्या गाळात प्राणवायूचा लवलेश नाही. एकाच द्रव्याचे वर एक होते आणि खाली भलतेच होते. शिवाय ते तेथे एकटे नसते. शंभर मिलांचे शंभर माल एकमेकांस भेटतात. पत पाहून उधारी दिलेला सभ्य गृहस्थ वाईट संगतीत काय करील, हे त्याच्या एकट्याच्या पतीवरून सांगता येत नाही.

पॉलिएस्टरवर चढणाऱ्या रंगांपैकी बरेचसे ॲझो जातीचे असतात. दोन नायट्रोजन अणूंचा पूल आणि पुलाच्या दोन्ही बाजूंस एकेक वलय, अशी त्यांची घडण. रंग असतो तो ह्या पुलामुळे. हवेशीर पाण्यात हा पूल सहसा तुटत नाही. प्राणवायू नसलेल्या गाळात मात्र चटकन तुटतो आणि पाणी पांढरे पडते. डोळ्यांस वाटते की शुद्धी झाली. प्रत्यक्षात पुलाच्या दोन्ही टोकांची वलये सुटी झालेली असतात. त्यांस अमाईन म्हणतात. त्यांपैकी काही कर्करोगास कारण होतात आणि त्यांना पुढे मोडावयाचे तर पुन्हा प्राणवायू लागतो. म्हणजे आधी बिनहवेची आणि मग हवेची अशी दोन्ही स्थाने क्रमाने मिळाली तरच काम पुरे होते. अर्ध्यावर थांबले तर मुळापेक्षा वाईट. जर्मनीने १९९४ साली अशी घातक अमाईने ज्यांतून सुटू शकतात ते रंग कपड्यांत वापरण्यास बंदी केली. त्या वेळी आपल्या बाजारात किती खळबळ उडाली होती हे वडीलधाऱ्या सभासदांस स्मरत असेल. १९९७ साली भारत सरकारनेही मनाई केली आणि पूर्वी मना केलेल्या बेंझिडीन रंगांसह एकूण ११२ रंग बाद झाले. ह्या कायद्याचे मर्म आपल्या लोकांनी नीट पाहिलेले नाही. तो रंग स्वतः काय आहे यासाठी बाद झाला नाही. मोडल्यावर तो काय होतो यासाठी बाद झाला. भाकितावर उभा असलेला हा कायदा आहे.

जपानातील क्योतो शहराचे उदाहरण तर आपल्या सर्व रंगवाल्यांनी घरच्या मुलांना सांगावे असे आहे. रेशमी किमोनोंच्या रंगाईसाठी ते शहर पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे. तेथील निशिताकासे नावाच्या नदीच्या पाण्यात जंतूंच्या आनुवंशिक घटकांत बिघाड करणारे काही तरी आहे, असे शास्त्रज्ञांना आढळत होते. पण ते काय, हे सापडेना. १९९७ साली त्यांनी ते द्रव्य वेगळे काढून ओळखले. नवल असे की ते द्रव्य कोणत्याही कारखान्यात कोणीही वापरीत नव्हते, कोणत्याही दुकानात ते विकले गेले नव्हते. मग आले कोठून? शोध घेता घेता पुढील साखळी हाती लागली. कारखान्यात एक निळ्या जातीचा ॲझो रंग वापरला जाई, ज्याच्या वलयावर दोन नायट्रो गट होते. उरलेला रंग काढून टाकण्यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे आपल्या बोलीतील ‘हायड्रो’, घातला जाई. त्याने नायट्रो गट व ॲझो पूल यांची उलथापालथ होऊन एक नवेच वलय मिटे. ते पाणी मग शहराच्या सांडपाणी केंद्रात जाई, आणि तेथे पाणी निर्जंतुक करावे ह्या सद्हेतूने क्लोरीन घातला जाई. त्या क्लोरीनचा अणू नव्या वलयास चिकटून हे प्रखर द्रव्य जन्मास येई. पुढे त्याच कुळातील आणखी काही द्रव्ये सापडून त्यांची एक मालिकाच झाली.

ह्यात दोषी कोण? रंग करणारा निर्दोष, हायड्रो विकणारा निर्दोष, मिलवाला नेहमीचेच काम करीत होता, आणि केंद्रचालक तर पाणी शुद्धच करीत होता. प्रत्येक पायरी पाठ्यपुस्तकात होती. हायड्रोने नायट्रो गटाचे काय होते हे पदवीचा विद्यार्थी सांगेल. क्लोरीन अमाईनवर कोठे बसतो हेही सांगेल. पण दोन्ही प्रश्न एकाच माणसास एकाच वेळी कोणी विचारले नाहीत. पांडेसऱ्यात हायड्रो घालून रंग साफ करण्याची क्रिया कोणती मिल करीत नाही? आम्ही असे म्हणत नाही की क्योतोचे द्रव्य आपल्या खाडीत आहे. आम्ही एवढेच म्हणतो की मिल, सामायिक केंद्र आणि नगरपालिकेचे केंद्र अशा तीन ठिकाणी तीन निरनिराळी माणसे तीन निरनिराळी द्रव्ये ओततात, त्या तिघांना एका टेबलाशी बसविणारे कोणी नाही, आणि तिघांनाही माल देणारा व्यापारी मात्र बहुधा एकच असतो. तिन्ही बिलांच्या नकला ज्याच्या फायलीत आहेत त्याने मनात आणले तर ही बेरीज त्याच्याइतकी सहज दुसऱ्या कोणास करता येणार नाही.

कपडा धुण्याच्या ऑक्झिलरींत नॉनिलफिनॉलची जी स्वस्त जात विकली जाते तिच्याविषयी आमचे मत अधिक कठोर आहे, कारण तेथे अज्ञानाची सबब उरलेली नाही. ह्या द्रव्याला पाण्यात विरघळणारी लांब शेपटी असते. जंतू ती शेपटी आनंदाने खातात. कागदावर ‘मोडते’ असे दिसते. शेपटी गेली की मूळ बुडखा उरतो. तो पाण्यात विरघळत नाही, गाळास चिकटतो आणि सहजी जात नाही. १९८४ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी शुद्धीकरण केंद्रांच्या गाळात तो साठलेला दाखवून दिला. १९९१ साली अमेरिकेत बोस्टन येथील संशोधकांना आपल्या प्रयोगातील पेशी काही कारण नसता वाढताना दिसल्या. शोध घेता प्लॅस्टिकच्या नळ्यांतून हेच द्रव्य झिरपत होते आणि ते स्त्री-संप्रेरकाची नक्कल करीत होते. युरोपने २००३ साली त्याच्या वापरावर निर्बंध घातले आणि फेब्रुवारी २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या धुण्याजोग्या कापडातही त्याचे प्रमाण शेकड्यास ०.०१ च्या आत असले पाहिजे असा नियम केला. वनस्पतिजन्य अल्कोहोलापासून केलेला, सरळ साखळीचा, पुरता मोडणारा पर्याय बाजारात आहे. तो थोडा महाग पडतो. एवढ्या थोड्यासाठी जुना माल रेटीत राहणे हे आमच्या मते व्यापार नव्हे. छत्री-रेनकोटच्या कापडावरील पाणी झटकणाऱ्या फ्लोरीनयुक्त फिनिशचीही तीच जात: बाजूच्या साखळ्या सुटतात, कार्बन-फ्लोरीनचा बंध मात्र काही केल्या सुटत नाही. त्या कुळातील एक द्रव्य २००९ साली आणि दुसरे २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले.

याच्या उलटही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही केवळ भय घालतो असे होईल. पॉलिएस्टर साडी मऊ व्हावी म्हणून कॉस्टिकमध्ये तिचे वजन उतरवितात. त्या पाण्याचे आकडे पाहून तपासनिसाच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु त्यातील मुख्य भाग टेरेफ्थॅलिक आम्लाचा क्षार व ग्लायकोल हा असतो आणि कॉस्टिक निववून जंतूंना थोडा अवधी दिला तर ते दोन्ही खाऊन टाकतात. कांजीचेही तसेच. घाण वास मारणारे पाणी पुष्कळदा लवकर निवळते, आणि ज्यास ना रंग ना वास असे पाणी वर्षानुवर्षे तसेच राहते. नाक आणि डोळे हे येथे वाईट मुनीम आहेत.

मुनिमाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. शुद्धीकरण केंद्राच्या पत्रकावर सी.ओ.डी. आणि बी.ओ.डी. असे दोन आकडे येतात; आपले लोक ते वाचीत नाहीत. पहिला आकडा म्हणजे एकूण येणे: पाण्यातील सर्व द्रव्य जबरीने जाळले तर किती प्राणवायू लागेल. दुसरा म्हणजे जंतू आपण होऊन किती वसूल करतात. विलायतेत २० अंशांवर पाच दिवस, आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस. दोहोंमधील अंतरात थोडा भाग सावकाश फिटणारा असतो. बाकीचा भाग म्हणजे बुडीत खाते. पेढीचे बुडीत खाते वाढू लागले तर आपण रात्री झोपणार नाही. खाडीचे वाढते तेव्हा ते कोणाच्याच नावे पडत नाही. आर. ओ.च्या पडद्याविषयीही हाच गैरसमज आहे. पडदा द्रव्यास मोडीत नाही, बाजूला काढतो. ह्या बाजूस चोख पाणी आले की त्या बाजूस तेवढेच दाट पाणी गेले. बमरोलीचे पाणी जितके चांगले, तितका तो दाट उरलेला अंश अधिक काळजीने हाताळावा लागणार.

दिनांक ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे, बमरोलीपासून फार दूर नसलेल्या सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरने चोरून रसायन नाल्यात सोडले. नाल्यात आधीच जे होते त्याशी त्याची गाठ पडून विषारी वायू उठला. जवळच्या मिलमध्ये काम करणारे सहा मजूर मेले, वीसहून अधिकांना रुग्णालयात न्यावे लागले. वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या द्रव्याचे भाकीत एक, आणि काही क्षणांत होणाऱ्या ह्या बदलाचे भाकीत दुसरे. दोन्हींचे मूळ मात्र एकच: ओतणाऱ्यास ‘पुढे काय होईल’ हे ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असून त्यास पर्वा नव्हती. मेलेले लोक त्या मालाचे ना विक्रेते होते ना खरीददार.

कर्मसिद्धांतात बंधाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत स्थिती वेगळी आणि अनुभाग वेगळा. कर्म किती काळ चिकटून राहील हे एक, आणि फळ किती तीव्र देईल हे दुसरे. रसायनाविषयी बोलताना आपले लोक हे दोन प्रश्न एक करून टाकतात. ‘हे विषारी नाही’ असे पुरवठादार सांगतो, ते अनुभागाविषयी. स्थितीविषयी त्यास विचारा. डी.डी.टी. माणसास लगेच मारीत नाही म्हणून जगाने ते हातांनी उधळले. म्यूलर यांस १९४८ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिकही मिळाले. टिकण्याचा जो गुण म्हणून वाखाणला गेला तोच पुढे दोष ठरला. ही उपमा शास्त्रापुरती घ्यावी. कर्म आणि क्लोरीन एक आहेत असे आमचे म्हणणे नाही.

श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा धंदे, ज्यांस कर्मादाने म्हणतात, आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात विवरिले आहेत. त्यांत विषवाणिज्य आहे. लाक्षावाणिज्यही आहे, आणि त्याखाली लाखेबरोबर निळीचा व्यापारही मोडतो. तळी-सरोवरे आटविणे हेही त्यात आहे. आमचे काही तरुण मित्र म्हणतील की मग रंगाचा धंदाच सोडावयाचा काय? आम्ही तसे सुचवीत नाही. ज्यांना व्रताच्या दृष्टीने विचार करावयाचा असेल त्यांनी तो गुरुमहाराजांपुढे मांडावा. (शुद्धीकरणाच्या टाकीत जंतू वाढविणे हीच हिंसा नव्हे काय, असाही प्रश्न काही जण करतात; त्याचाही निर्णय आमच्यासारख्यांनी देऊ नये.) पण साधूंच्या पाच समितींतील शेवटची आपण विसरलो आहोत. टाकावयाची वस्तू कोठे, कशी, कोणत्या जीवरहित जागी टाकावी याविषयीची ती दक्षता आहे. पात्रातील उरलेल्या थेंबाविषयी जी परंपरा इतकी सावध, तिच्या अनुयायांनी ड्रमच्या ड्रम विकून ‘पुढचे मिलवाल्याने पाहावे’ म्हणणे शोभत नाही.

खर्चाचा आक्षेप येईलच. पुरवठादार माहिती देत नाही, दुसरा व्यापारी न विचारता माल विकतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. एकट्याने शहाणपणा केला तर दुकान बसते. हा आक्षेप खोटा नाही. एकट्या दुकानदारास हे जमणार नाही, म्हणूनच मंडळ आहे. उधारीचे दिवस आणि वटाव ठरविण्यासाठी बाजार एकत्र येऊ शकतो, तर एक चिठ्ठी मागण्यासाठी का येऊ नये?

ती चिठ्ठी साधी असावी असे आम्ही सुचवितो. मंडळाच्या सभासदाने कोणतीही ऑक्झिलरी वा रंग घेताना उत्पादकाकडून लेखी मागावे: २८ दिवसांच्या कसोटीत हा माल शेकडा किती मोडला आणि ती कसोटी कोणत्या पद्धतीने झाली, हवा नसताना त्याचे काय होते, अर्धवट मोडला तर उरणारे द्रव्य कोणते, हायड्रो आणि क्लोरीन यांच्याशी त्याचा संबंध आला तर काय होते. ‘जैव-विघटनशील’ एवढाच शब्द आला तर चिठ्ठी परत करावी. आलेल्या चिठ्ठ्या मंडळाच्या कचेरीत एका फायलीत राहाव्यात आणि शुद्धीकरण केंद्रांच्या रसायनतज्ज्ञांस केव्हाही पाहावयास मिळाव्यात, म्हणजे तीन ठिकाणच्या तीन बिलांची बेरीज करणारे एक टेबल तरी सुरतेत असेल. ज्या मालाविषयी उत्पादक मुग्ध राहतो त्याची घडण कोणत्याही महाविद्यालयातील रसायनाच्या प्राध्यापकास दाखविली तर वर सांगितलेल्या विनामूल्य पद्धतींनी त्याचे भाकीत घरबसल्या काढून मिळेल. आपल्या समाजातील रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींस मंडळ शिष्यवृत्ती देतेच. त्यांस उन्हाळी सुट्टीत हे काम द्यावे. नॉनिलफिनॉलच्या मालापासून आरंभ करावा, कारण तेथे भाकिताचीही गरज नाही. फक्त तो माल दरपत्रकातून काढावयाचा आहे. पुढील दिवाळीच्या वहीपूजनाच्या आत तेवढे झाले तर बाकीच्या चिठ्ठ्या मागण्यास आपल्या दलालांना तोंड राहील.